नक्की मीच ना?

न्यूझीलंडमधल्या अल्बनीत आमच्या शेजारी राहणारे डच गृहस्थ एके काळी स्वतःच्या देशाच्या फुटबॉल संघात मिडफिल्डर होते, हे मला दोन वर्षांनी कळलं. तेही मुलीकडून. ती दहा वर्षांची. शाळेतून आली की त्यांच्या अंगणात जाऊन पासिंग शिकायची.

त्या वर्षी मराठी मंडळाच्या क्रीडादिनाची जबाबदारी माझ्यावर होती. मी उत्साहाच्या भरात त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावून टाकलं. "नक्की मीच ना?" त्यांनी दोनदा विचारलं.

"तुम्हीच," मी म्हटलं.

मग कमिटीची मीटिंग झाली. अध्यक्षांनी तिथल्या तिथे फोनवर शोधलं. त्यांच्या संघातल्या फॉरवर्डचे लाखो फॉलोअर्स, गोलकीपर टीव्हीवर तज्ज्ञ. आमच्या शेजाऱ्यांचा मात्र एकच धूसर फोटो, तोही दुसऱ्याच्या खांद्यामागून डोकावणारा.

"अहो, यांच्याबरोबरचे सगळे लोकांना माहितीयत. हेच कोण?" अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. शेवटी एका माजी क्रिकेटपटूला बोलवायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी शेजारी लेटरबॉक्सपाशी भेटले. मी म्हणाले, "क्रीडादिन रद्द झालाय. ग्राउंड मिळालं नाही."

"स्वीट ॲज," ते इथल्या लोकांसारखं म्हणाले, म्हणजे काही हरकत नाही. "पुढच्या वर्षी बघू."

मुलीला यातलं काही सांगायची माझी हिंमत झाली नाही. क्रीडादिनाला आम्ही कमिटीवाले तयारीसाठी आधी निघालो, ती बाबाबरोबर मागून येणार होती. आली ती शेजाऱ्यांचा हात धरून. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"आई, ही थॉट इट वॉज कॅन्सल्ड! गुड थिंग आय चेक्ड!" ती ओरडली.

स्टेजवर अध्यक्ष क्रिकेटपटूंना शाल-श्रीफळ देत होते. शेजारी तिकडे बघून मला म्हणाले, "ग्राउंड मिळालं वाटतं."

"हो, अगदी ऐन वेळी," मी म्हणाले. पहिल्या थापेपेक्षा ही दुसरी मला जास्त छळते. खरं बोलायची संधी समोर उभी होती, आणि मी पुन्हा खोटंच बोलले.

मुलीची शंभर मीटरची शर्यत होईपर्यंत ते दोरीपाशी उभे राहिले. ती तिसरी आली. त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या आणि कुणालाही न सांगता ते चालत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी करंज्यांचा डबा घेऊन मी त्यांच्या दारात गेले. "आम्हाला तुमच्यापेक्षा प्रसिद्ध माणूस हवा होता," मी एका दमात सांगून टाकलं.

"ते कळलं मला. त्याची सवय आहे," ते म्हणाले. "पण तुम्ही मला सांगायला हवं होतं. मी समजून घेतलं असतं." त्यांनी डबा घेतला, आभार मानले. आत या, म्हणाले नाहीत. एरवी नेहमी म्हणायचे.

मुलगी अजून त्यांच्याकडे जाते. त्यांनी तिला काहीच सांगितलेलं नाही. मीही नाही.