थोरल्याचं नाव

हॉस्पिटलच्या तळघरातल्या लाँड्रीत चादरी कधी संपत नाहीत. वरच्या मजल्यावरची माणसं बरी होवोत न होवोत, चादरी खाली यायच्याच. काकांचं निम्मं आयुष्य मशिनमधून ओल्या चादरी ओढण्यात गेलं होतं. आता दुपार झाली की खांदे कुरकुरायला लागत, आणि ऐकणारं कुणी नसे.

लाँड्रीत चार मुलखांची माणसं. त्या दिवशी चहाच्या वेळी नावांवरून गप्पा निघाल्या. घड्या घालणारी बाई म्हणाली, "आमच्याकडे ज्या वारी जन्म, त्या वाराचंच नाव. गल्लीत एक हाक मारली की पाच जणी खिडकीत!" गाडा ढकलणाऱ्या दांडग्या गड्याच्या नावाचा अर्थ निघाला 'कुरूप'. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून याला कुणाची नजर लागू नये यासाठी ही युक्ती.

"मग लागली का नजर?"

"माझ्या तोंडाकडे बघून तूच सांग की!"

सगळे हसले. मग काकांची पाळी आली.

"माझं नाव थोरल्याचं," काका म्हणाले. "तो चार वर्षांचा होऊन तापात गेला. पुढच्या वर्षी मी झालो. आईने तेच नाव ठेवलं."

बाईने कप खाली ठेवला. काकांनी "चालायचंच" म्हणून विषय संपवला. थोरल्याचे कपडे अंगावर आले तर बाह्या तरी दुमडता येतात, नावाचं काय करणार?

तसं ते नाव वापरात होतं कुठे? बायको 'अहो' म्हणायची, मुलं 'बाबा', लाँड्रीत 'काका'. नावाने हाक मारणारी एकटी आई. आणि तिच्या हाकेत नेहमी तो दुसराच असायचा. काकांनी शाळेतून बक्षीस आणलं तरी ती म्हणायची, "तोही असाच हुशार होता." मेल्या म्हशीला मणभर दूध! चार वर्षांच्या त्या पोराला मागे टाकणं काकांना साठीपर्यंत जमलं नव्हतं. एकदा, फक्त एकदा, आईने आपल्यालाच हाक मारावी, एवढीच त्यांची इच्छा होती. पण आता आईला काल-आजचंही भान राहिलं नव्हतं.

घरी आले तर बायको पिशवी घेऊन दारातच उभी. "सकाळपासून तुमच्या नावाचा जप चाललाय. बसा जरा त्यांच्यापाशी, मी भाजी घेऊन येते."

काका पलंगाच्या कडेला टेकले. आईने त्यांच्या गालावरून हात फिरवला.

"आलास? केवढा मोठा झालास रे! मला वाटलं, तू गेलासच."

काका समजले. खरं सांगितलं की ती थोरल्यासाठी नव्याने रडायची, हे त्यांनी आधी पाहिलं होतं. आज तेवढं बळ नव्हतं.

"आलो," ते म्हणाले.

"रागावलास? तुझं नाव धाकट्याला दिलं मी."

"नाही गं."

"तो रागावला असेल. बोलत नाही कधी. गुणी आहे पोर, राब राब राबतो." तिने आवाज खाली आणला. "मी मनात त्याला वेगळ्याच नावाने हाक मारते. पहिल्यापासून."

काका पुढे वाकले. "कोणत्या?"

"तुला कशाला?"

"सांग ना, आई."

"नाही. तुला सगळं मिळालं. एवढं तरी त्याचं राहू दे."

"आई, मीच धाकटा."

"लबाड!" ती हसली. "हट्टीच आहेस पहिल्यापासून. तो कामावरून आला की त्यालाच सांगेन."

काका उठले. बाहेर गेले, दार ओढून घेतलं, चेहरा पुसला. मग कामावरून नुकतेच आल्यासारखे पाय वाजवत पुन्हा आत आले.

"आई, मी आलो."

आईचा डोळा लागला होता.