रुमालाखालची फी

कॉलेजची फी कमी करून मागणारा माणूस मराठवाड्यात एकच जन्मला, आणि तो माझ्या वाट्याला थोरला मामा म्हणून आला. लासूर स्टेशनच्या बैलबाजारात मामांची दलाली. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात घालतात, एकमेकांची बोटं दाबतात आणि आकडा त्या दोघांतच राहतो. ती बोटांची भाषा मला कधीच आली नाही. मामांना मात्र तिच्याशिवाय दुसरी भाषा पटत नाही. कोथिंबिरीच्या जुडीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत समोरच्यानं सांगितलेला पहिला भाव त्यांनी जन्मात मान्य केलेला नव्हता.

मी औरंगाबादेत कॉलेजात जायचं ठरलं तेव्हा फी भरायला मामाच आले. आधी त्यांनी इमारतीला चक्कर मारली, भिंत थोपटली, नळ सोडून पाहिला आणि जाता जाता एका प्राध्यापकांना, ‘‘पुढल्या साली इथंच ऱ्हानार ना?’’ असं विचारून घेतलं. मग खिडकीत हात घालून कारकुनाचा हात धरला आणि वर रुमाल टाकला. कारकून बिचारा घामाघूम.

‘‘काका, फी सरकार ठरवतं,’’ तो म्हणाला.

‘‘व्हय, पर सरकार इथं कुठं हाय? तुमी हाय ना,’’ मामा म्हणाले.

फी एका पैशानंही उतरली नाही, पण ती दोन हप्त्यांत घ्यायचं कारकुनानं कबूल केलं. मला तोंड कुठं लपवू असं झालेलं, आणि मामा रुमाल झटकत रुबाबात बाहेर पडले. त्या काळी फी एका कालवडीची होती, हा हिशेबही त्यांचाच.

पुढं नात्यातल्या प्रत्येक पोराच्या प्रवेशाला मामांना बोलावणं जाऊ लागलं. कालवडीची फी बैलावर गेली, बैलाची जोडीवर गेली, तरी मामा डगमगले नाहीत. चिकलठाण्याकडच्या एका काचेच्या कॉलेजात तर त्यांनी थेट संस्थाचालकांनाच गाठलं. ते मूळचे शेतकरी. रुमाल दिसताच त्यांनी कोटाची बाही मागं सारली. रुमालाखाली हात घालून दोघं डोळे मिटून बसले आणि आम्ही सगळे भोवती उभे. हात सुटले तेव्हा माझ्या चुलतभावाच्या पोराचं वसतिगृहाचं भाडं माफ झालं होतं. मी थक्क झालो, तो आजतागायत थक्कच आहे.

यंदा मामांच्या नातीचा इंजिनिअरिंगला नंबर लागला. घरातून इतकं शिकायला निघालेली ही पहिलीच मुलगी. आम्ही तिघं कॉलेजात गेलो. काउंटरवरची मुलगी गोड बोलणारी होती. ‘‘आजोबा, फी ऑनलाइन भरायची. उद्या संध्याकाळपर्यंत भरली नाही तर जागा पुढच्याला जाईल.’’

‘‘त्ये समदं खरं बाई, पर बोलू कुनाशी?’’

तिनं संगणकाचा पडदा आमच्याकडं वळवला. मामांनी तो पुढून पाहिला, वाकून मागूनही पाहिला. खांद्यावरचा रुमाल काढला, पुन्हा ठेवला. ‘‘याला हात नाय,’’ ते हळूच म्हणाले. नात फाइल छातीशी धरून उभी होती.

मामांच्या गोठ्यात देवणी जातीच्या बैलांची जोडी होती. तिला मागणी घालायला येणाऱ्याला ते चहा पाजून वाटेला लावायचे. त्या संध्याकाळी त्यांनी बिडकीनच्या व्यापाऱ्याला स्वतः फोन केला. व्यापारी आला, रुमालाखाली दोन हात गेले आणि लगेच बाहेर आले. मामांनी पहिल्याच भावाला हो म्हटलं होतं. व्यापारीच बावरला आणि बैलांत काही खोट तर नाही ना म्हणून त्यांचे दात पुन्हा पाहून आला. जोडीच्या पैशात घरातलं होतं नव्हतं ते घालून दुसऱ्या दिवशी दुपारी फी भरली गेली.

परवा लासूरला गेलो. नात वसतिगृहात, मामा रिकाम्या गोठ्याच्या दारात बसलेले. मी शेजारी टेकलो आणि जोडी शेवटी कितीला गेली ते विचारलं. मामांनी माझा हात ओढून घेतला, वर रुमाल टाकला. बोटं दाबतील म्हणून मी वाट पाहत राहिलो. त्यांनी दाबली नाहीत. नुसता हात धरून बसले, आणि मीही तो सोडवून घेतला नाही.