शिवेपर्यंतचे प्रवासी

आमच्या घरातलं कुणी गावाला निघालं की ही गोष्ट मला सांगावीच लागते. सांगताना दर खेपेला मी थोडा जास्त शहाणा ठरतो आणि बायको आतून ओरडते, "खरं सांगा!" म्हणून या वेळी लिहूनच काढतोय. लिहिलेल्यात तिला मधे बोलता येत नाही.

निजामाचं राज्य होतं. अंबाजोगाईहून धर्मापुरीला जायचं तर बैलगाडी, नाहीतर आपले पाय. अशात अंबाजोगाईच्या एका हौशी शेटजींनी त्या रस्त्यावर मोटार सुरू केली. सकाळी तिकडून निघायची, आमच्या गावावरून धर्मापुरीला जायची आणि उन्हं कलली की परत फिरायची. मोटार म्हणजे चाकांवर ठेवलेला पत्र्याचा कोठाच. आत दोन्ही बाजूंना फळ्या आणि पुढं डायवर. त्या डायवरला आमच्या गावात पाटलाच्या खालोखाल मान होता.

पहिले काही दिवस बसायला नुसती झुंबड. लोक कामं शोधून काढून अंबाजोगाईला जायला लागले. आमचे तात्या, म्हणजे माझे चुलते, एक दाभण आणायला तीनदा गेले आणि तिसऱ्या खेपेलाही विसरून आले. मग हळूहळू सगळं ओसरलं. तक्रार एकच होती, मोटार फार लवकर पोचते.

"गाडीत कसं, दिसभर बोलनं व्हतंय," तात्या म्हणायचे. "हिच्यात भाकरीचं फडकं सोडस्तवर गाव येतंय. मग ती भाकर काय बाजारात उभं राहून खायाची?"

पुढं पुढं तर मोटार आमच्या गावात थांबायची, डायवर पाणी प्यायचा, आणि ती जशी यायची तशीच रिकामी जायची.

नेमकं याच मोटारीकडं बघून माझ्या धर्मापुरीच्या सासऱ्यांनी मला मुलगी दिली होती. माझ्याकडं बघून दिली असेल असं मला कधीच वाटलं नाही. त्यांची थोरली लेक लांब पडली होती. चार वर्षांत ती आईला दोनदा भेटली. धाकटीला बैलगाडीत बसलं की मळमळायचं, म्हणून धर्मापुरीत मोटार आलेली बघितल्यावर त्यांनी मोटारीच्या रस्त्यावरचं स्थळ शोधलं. त्या रस्त्यावर बिनलग्नाचा आणि बरा दिसणारा मी एकटाच होतो. (बायको म्हणते, बिनलग्नाचा एवढंच लिहा.)

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ती माहेरी गेली आणि मागोमाग बातमी आली. शेटजी मोटार दुसऱ्या रस्त्याला लावणार. त्याआधी सोमवारी त्यांचा मुन्शी मोटारीतून येऊन किती माणसं बसतात ते मोजणार. माणसं दिसली तर मोटार राहणार, नाहीतर बंद. सासऱ्यांचा निरोप आला : "मोटार राहिली तर पोरीला लगोलग धाडतो. न्हाई राहिली तर बघू."

त्या 'बघू'नं माझ्या तोंडचं पाणी पळालं. लग्नाला सहा महिने झालेल्या माणसाला 'बघू' म्हणणं म्हणजे काय, हे ज्यांना कळतं त्यांना कळेल.

मी घरोघर फिरलो. "सोमवारी मोटारीनं धर्मापुरीला निघालोय, बायकोला आणायला. तुम्ही या बरं का!" एकानंही नाही म्हटलं नाही. माझा एक जोडीदार तर चिडलाच. "हे काय सांगायचं असतंय व्हय बे? तू बायको आनायला चाललास आन आमी घरी बसू?" माझे डोळे भरून आले. गावाचं माझ्यावर एवढं प्रेम आहे हे मला ठाऊक नव्हतं.

सोमवारी मोटार आली. डायवरच्या शेजारी मुन्शी, लाल गोंड्याची टोपी, कोटाच्या एका खिशात चिंचोके. माणूस आत चढला की एक चिंचोका या खिशातून त्या खिशात. पाठीमागं अंबाजोगाईहून आलेला एक गुळाचा व्यापारी ढेपेला टेकून झोपलेला. आणि मग आमचं गाव चढलं. तात्या, काकू, जोडीदार, सुतार, न्हावी, मांडीवर कोकरू घेतलेला एक धनगर. एकतीस माणसं! व्यापाऱ्याची ढेप कुणाच्या बुडाखाली गेली ते समजलं नाही. मोटार एका बाजूला कलली.

"वल्ला!" मुन्शी हरखून म्हणाला. "तुम्हारे गाँव को तो मोटार लई पसंद हाय!"

"आमचं गाव पहिल्यापासून सुधारलेलं," मी छाती फुगवून म्हणालो.

मोटार निघाली आणि सगळे एकदम किंचाळले. खड्डा आला की बायका हसायच्या, वळण आलं की पुरुष ओरडायचे, आणि कोकरू दोन्ही वेळेला. सुताराचा पटका उडाला तो काकूंनी झेलला. मी तर इतका खुशीत होतो की न्हाव्याचा हात हातात घेऊन बसलो होतो.

आणि ओढा आला. ओढ्यापलीकडं शेंदूर लावलेला दगड, म्हणजे आमच्या गावाची शीव. तात्यांनी काठी पत्र्यावर हाणली. "थांबव! शीव आली."

मोटार थांबली. एकतीसच्या एकतीस माणसं खाली उतरली.

"जपून जा," काकू म्हणाल्या. "सूनबाईला इचारलं म्हून सांग."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं माणूस गावाला निघाला की त्याला शिवेपर्यंत घालवायला जायचं असतं. आजवर चालत जायचे, आज मोटार होती म्हणून बसून आले. मी 'या' म्हटलं होतं ते त्यांनी याच अर्थानं घेतलं होतं, आणि माझ्या गावात जन्मलेला कुणीही शहाणा माणूस त्याच अर्थानं घेईल.

मुन्शी खाली उडी मारून तात्यांसमोर उभा राहिला. "ये क्या तमाशा हाय? टिकट?"

"पोराला वाटं लावायला आल्याचं तिकीट?" तात्या थक्क झाले. "मग उंद्या मयताला खांदा दिला तर त्याचं बी फाडताल!"

मुन्शी परत येऊन बसला. माझ्याकडं न बघता त्यानं चिंचोके उलट मोजायला घेतले. त्या खिशातून या खिशात, एकेक करून. प्रत्येक चिंचोक्याबरोबर माझी बायको मला एकेक कोस लांब जाताना दिसत होती. मी बाहेरची ज्वारी बघत राहिलो. ज्वारी छान होती.

धर्मापुरीची शीव आली तर पुढं हलगी वाजतेय! जावई पहिल्यांदाच मूळ घेऊन, म्हणजे बायकोला न्यायला, येतोय म्हणून सासुरवाडी शिवेवर सामोरी आली होती. मी खाली उतरायच्या आत तीच सगळी वर चढली. पंचवीसेक माणसं, दोन हलग्या. जागा नव्हती म्हणून सासरे जवळजवळ मुन्शीच्या मांडीवरच बसले.

"शेटजीचं मानूस का तुमी? मग तुमी बी आमचं पाव्हनं."

मुन्शी एक चिंचोका काढायचा, थबकायचा, परत खिशात टाकायचा.

घरी जेवण झालं, मुन्शीनं तूप दोनदा घेतलं. पण माणूस सच्चा. हात पुसत म्हणाला, "मैं झूट नको बोलूं. पुऱ्या रस्त्याला सवारी दोनच, तो गुळवाला आन हे तुमचे जावई. मोटार बंद होनार."

आतल्या दारापाशी सासूबाई डोळ्याला पदर लावून उभ्या राहिल्या. थोरलीची चार वर्षं त्यांना आठवली असणार. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. सुदैवानं त्याआधी दाराआडून बायकोचा आवाज आला. त्या काळी बापासमोर, नवऱ्यासमोर आणि परक्या माणसासमोर, तिन्ही एकाच वेळी हजर असताना, नव्या पोरीनं बोलायची रीत नव्हती.

"आबा, त्यास्नी म्हनावं, शिवेपतूरचं येगळं तिकीट काढा की."

"अन् ते घ्यायचं कोनी?" सासरे म्हणाले.

"सगळीच घेत्याल. मोटारीत बसून गेल्याली मान्सं आता चालत जानार न्हाईत. आन एकानं घेतल्यावर दुसऱ्यानं न्हाई घेतलं तर चार लोकांत कसं दिसंल?"

मुन्शीनं टोपीचा गोंडा फिरवत खिशातले चिंचोके पुन्हा एकदा मोजले.

परतीच्या वेळी त्यानं मोटारीपाशी उभं राहून शिवेपर्यंतच्या तिकिटाची दवंडी दिली. लोक एकमेकांकडं बघू लागले. शेजारच्या मावशींनी पहिलं तिकीट घेतलं. ते पाहून सासूबाईंच्या जावेनं दोन घेतली, एक स्वतःचं आणि एक घरी झोपलेल्या नवऱ्याचं. मग कोण थांबतंय! बायको रीतीप्रमाणं शिवेपर्यंत रडली, तिच्यासोबत सगळी मोटार रडली, मुन्शीनंही गोंड्याखालून घाम पुसतोय असं दाखवून डोळे पुसले. शिवेवर सगळे उतरले. मोटार पुढं गेली तशी बायकोनं डोळे कोरडे केले आणि खिडकीतून असं तोंड बाहेर काढलं की मला तिला पदराला धरून ठेवावं लागलं.

"लई झ्याक वाटतंय!" ती वाऱ्यावर ओरडली. तिला मळमळत नव्हतं. मला मळमळत होतं, पण ते मी कुणाला सांगितलं नाही.

आमच्या ओढ्यापाशी पोचलो तर लिंबाखाली सकाळची एकतीस माणसं तशीच बसलेली! न्हाव्यानं तोवर चौघांच्या दाढ्या केल्या होत्या.

"अरे, घरी नाही गेला?" मी विचारलं.

"मोटार येनार हाय म्हनल्यावर कावून चालावं?" जोडीदार म्हणाला.

मुन्शीनं तिकिटाचं सांगितलं. तात्यांनी काठी उचलली. तेवढ्यात त्यांची नजर मोटारीतल्या नव्या सुनेवर पडली. ती नम्रपणे खाली बघत होती, म्हणजे सगळं बघत होती. काठी खाली आली. "घरच्या सगळ्यांचं माझ्याकडनं," तात्या खाकरून म्हणाले. मग सुतारानं आपल्या घरच्यांचं घेतलं, आणि धनगर कोकराचंही घ्यायला निघाला होता.

गावात उतरल्यावर मुन्शी सरळ माझ्या बायकोपुढं येऊन उभा राहिला. "बेटी, तुम्ही एकट्या माहेराला गेल्या की साठ सवारी होती. शेटजीला मी सांगतो, मोटार ऱ्हाईल. पन पुन्हा कधी जानार?"

बायकोनं पदर सावरला. "म्हैन्याला तरी जावंच लागंल."

"म्हैन्याला?" तात्या कळवळून म्हणाले. "पंधरा दिसाला जा, पोरी! गावच्या मोटारीचा प्रश्न हाय!"

सगळ्या गावानं माना डोलावल्या. बायको घरी यावी म्हणून घरोघर फिरलेला मी, तिचं गाठोडं डोक्यावर घेऊन, मधोमध उभा होतो. मला कुणी विचारलं नाही.

पंधराव्या दिवशी तिला घालवायला शिवेपर्यंत गेलो. तिकीट काढून.