कोकरू आईला लावताना

“कोकरू मेंढीलाच लागलं पायजे. बाईला लागलं, तर ते पुढं कळपात ऱ्हात न्हाई,” असं गिताबाई एकदा आपल्या मुलाला, मल्हारला म्हणाल्या होत्या. तेव्हा त्या हॉलंडमधल्या आइंडहोवन शहरात, एका इमारतीच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांपाशी उभ्या होत्या. घरात बोलणं त्यांनी बंद केलं होतं.

गिताबाई दौंड तालुक्यातल्या भांडगावच्या. वय बासष्ट. लग्न झालं तेव्हा सासरी दीडशे मेंढरं होती आणि वर्षातले आठ महिने संसार घोड्याच्या पाठीवर असे. पुढे कालव्याचं पाणी आलं, मेंढरं गेली, ऊस आला. मल्हार इंजिनियर होऊन परदेशी गेला. त्याची बायको प्रगती शिरूरची. त्यांचा स्वराज आठ महिन्यांचा झाला आणि प्रगतीला पुन्हा कामावर जायचं होतं, म्हणून गिताबाई नव्वद दिवसांच्या व्हिसावर नातू सांभाळायला गेल्या.

भाषेची त्यांना धास्ती होती. पण स्वराजलाही अजून कुठलीच भाषा येत नव्हती, त्यामुळे दोघांचं लगेच जमलं. मेंढरं पाण्याकडे वळवताना जीभ टाळ्याला लावून एक थरथरता आवाज काढतात, तो त्यांनी पहिल्याच दिवशी काढला. रडणारं पोर गप्प झालं. मल्हारनं त्याचा व्हिडिओ करून भांडगावला पाठवला.

तिथले दिवस त्यांना हळूहळू कळत गेले. मंगळवारी कचऱ्याची गाडी. समोरच्या खिडकीतली म्हातारी सकाळी दहाला पडदा सारायची आणि हात हलवायची. गिताबाई पण हलवायच्या. दार मागे आपोआप लागतं, म्हणून किल्ली गळ्यात. रात्रीचं जेवण उन्हात, कारण सूर्य रात्री दहापर्यंत मावळतच नाही. मेंढरांमागे फिरताना एखाद्या रानात वीस दिवस मुक्काम पडला, की तिथलं पाणी, वारा, बसायचा दगड ओळखीचा होई. इथेही तसंच झालं. माणूस कुठेही टेकला की त्या जागेचा होऊ लागतो; त्याला कुणी विचारत नाही.

प्रगती साडेपाचला घरी यायची. हात पुढे करायची. स्वराज तोंड फिरवून आजीच्या पदरात घुसायचा. सुरुवातीला ती हसली. मग एका संध्याकाळी ती बाथरूममध्ये गेली आणि नळ कितीतरी वेळ वाहत राहिला. गिताबाई पोराला घेऊन बाहेर उभ्या होत्या. हात धुवायला इतकं पाणी लागत नाही, एवढं त्यांना कळत होतं.

जायला नऊ दिवस उरले होते.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एक पोरकं कोकरू हातानं दूध पाजून जगवलं होतं. त्याला दुसऱ्या मेंढीला लावायची वेळ आली, तर ते मेंढीकडे बघेना, यांच्याच मागे धावे. सासू सोजराबाईंनी मेंढीचं दूध कोकराच्या पाठीला चोळलं, दोघांना एका जाळीत कोंडलं आणि सुनेला सांगितलं, तुझा आवाज बंद कर आधी; तो ऐकू येतोय तवर ते दुसरीकडं जायचं न्हाई.

दुसऱ्या दिवसापासून गिताबाई घरात मुक्या झाल्या. पोराचं खाणंपिणं, आंघोळ सगळं करायच्या, पण ओठ मिटून. आपल्या अंगाचा वास लागलेली, रोज ओढायची शाल त्यांनी प्रगतीच्या खांद्यावर टाकली आणि संध्याकाळी ती आली की स्वतः जिना उतरून खाली जायच्या. पहिले दोन दिवस स्वराज त्यांच्या मांडीवर बसून बोटांनी त्यांचे ओठ उघडून बघायचा. आवाज आत कुठे गेला ते शोधायचा. ते सोसणं सगळ्यात अवघड होतं, असं त्या पुढे सांगत.

मल्हारला वाटलं, आईचं काहीतरी बिनसलं. तो डब्यांपाशी आला तेव्हा त्याला कारण कळलं. भांडगावला नवऱ्याला, भैरूआबांना, मात्र फोनवर ते पटेना. “तुजा आवाज बंद? तिथल्या सरकारनं कायदा केला का काय? तसलाच कायदा हिकडं पण आणा म्हणावं.” गिताबाई इमारतीखालच्या बाकावर बसून हसल्या. दिवसभराचं साठलेलं सगळं त्यांनी आबांना ऐकवलं.

प्रगतीला मात्र दोघांपैकी कुणीच काही सांगितलं नव्हतं. तीही चौथ्या दिवशी खाली आली. डोळे सुजलेले.

“आत्या, माझं काही चुकलं का?”

“तुजं न्हाई. माजंच चुकलं. मी आल्या आल्या त्याला माज्या हाकंची सवय लावली.”

मग प्रगती म्हणाली, तो आवाज मलाही शिकवा. तिनं जीभ वळवून पाहिली. नुसती थुंकी उडाली. दोघी हसल्या. गिताबाई म्हणाल्या, “माजी नक्कल नगं करू. तुज्याकडं काय असंल ते त्याला दे.”

प्रगतीकडे अंगाई नव्हती. वडील शिरूर डेपोत कंडक्टर होते. लहानपणी सुट्टीत ती त्यांच्या पुण्याच्या गाडीत बसायची आणि ते पुकारत ते थांबे ऐकायची. त्या रात्री रडणाऱ्या पोराला घेऊन येरझाऱ्या घालताना तिच्या तोंडून तेच आलं: कारेगाव, रांजणगाव, कोंढापुरी, शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा. पहिल्या रात्री पुण्याला तीनदा जाऊन यावं लागलं. सातव्या दिवशी स्वराज वाघोलीच्या आधीच झोपला. आठव्या दिवशी साडेपाचला दार वाजलं आणि तो आजीच्या कडेवरून दाराकडे झेपावला.

नवव्या दिवशी सकाळी मल्हारनं बॅगा खाली नेल्या आणि तो पुन्हा वर आला. प्रगती स्वराजला घेऊन खोलीत उभी होती. तो जागा होता, तिच्या कानातल्या खड्याशी खेळत होता.

“आत्या,” प्रगती म्हणाली, “आता बोला की त्याच्याशी. आता काही होत नाही.”

मल्हार म्हणाला, “आई, घे गं त्याला एकदा.”

स्वराजनं आजीकडे पाहिलं. आईचा कान त्यानं सोडला नव्हता. गिताबाईंची जीभ टाळ्याला लागली, तिथेच थांबली. त्यांनी प्रगतीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, गळ्यातली किल्ली काढून टेबलावर ठेवली, चपला घातल्या आणि एक शब्दही न बोलता त्या बाहेर पडल्या.