दचकणाऱ्या घरातलं बाळ

रफूवालीला गिऱ्हाइकं मागून हाक मारत नसत. समोर येऊन, ती मान वर करेपर्यंत गप्प उभी राहत. अचानक आवाज झाला की तिचं अंग लाकडासारखं ताठ व्हायचं, आणि उभी असली तर ती तशीच धाडकन पडायची. सावरायला हात पुढे यायचे नाहीत. शुद्ध मात्र जायची नाही. आपण पडतोय हे तिला शेवटपर्यंत कळायचं. शाळेत पोरं तिच्या मागे मुद्दाम डबा आपटायची. ‘दचकी’ हे नाव तेव्हाच चिकटलं. पुढे एका डॉक्टरने तिला भित्री ठरवलं आणि सासूने नाटकी. तिने बिनआवाजाचं काम धरलं आणि मान खाली घालून ते केलं.

पन्नाशी उलटल्यावर नातू झाला. चौथ्या दिवशी सून त्याला पुसत होती, टॉवेलचं टोक नाकाला लागलं आणि बाळ ताठ झालं. मुठी वळल्या, श्वास थांबला, ओठ निळे पडले. रफूवालीने हे आधी पाहिलं होतं. तिचा थोरला मुलगा असाच गेला होता, बारा दिवसांचा असताना. हे बाळ मात्र थोड्या वेळाने आपोआप सैल झालं. त्याला घेऊन ती, सून आणि तिचा धाकटा मुलगा दवाखान्यात धावले.

तिथली डॉक्टर तरुण होती. तिने बाळाच्या नाकावर बोटाने हलकेच टिचकी मारली. बाळ दचकलं. पुन्हा मारली, पुन्हा दचकलं. दरवेळी तेवढंच. आजीही अशाच दचकतात असं सुनेने सांगितल्यावर तिने आजीकडे नीट पाहिलं आणि तुमच्याही नाकावर मारून बघू का, असं विचारलं. मुलाला हसू आलं. पण आई खुर्चीतच ताठ झाली तेव्हा त्याचं हसू विरलं.

डॉक्टरने सगळं समजावून सांगितलं. नसांमधून स्नायूंना नुसते ‘कर’ म्हणणारे निरोप जात नाहीत, ‘आता पुरे’ म्हणणारेही लागतात. पाठीच्या कण्यात हे आवरण्याचं काम ग्लायसीन नावाचं रसायन करतं. या घरात रसायन आहे, पण ते जिथे जाऊन चिकटायचं ती जागाच जन्मापासून बिघडलेली आहे. म्हणून दचकणं सुरू होतं आणि आवरत नाही. एखाद्यात ते दिसलं नाही, तरी पुढच्या पिढीत उतरू शकतं. काही वासरांना, उंदरांनाही हा आजार होतो. गाबा नावाचं असंच आवरणारं दुसरं एक रसायन शरीरात असतं. त्याचा जोर वाढवणारं औषध बाळाला द्यायचं, आजीनेही घ्यायचं.

मग तिने बाळाला धरून दाखवलं. “ताठ झाला की मान पुढे आणि गुडघे पोटाशी. असं मुटकुळं करून धरायचं. श्वास सुटतो.”

रफूवालीने रिकाम्या हातांनी तसंच करून पाहिलं. “माझ्या थोरल्याला असं धरलं असतं तर?”

“कदाचित वाचला असता,” डॉक्टर म्हणाली. “पण तुम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं, आजी.”

घरी आल्यावर सगळेच पाय न वाजवता चालू लागले. दारावरची घंटा काढली, स्टीलची भांडी माळ्यावर गेली. कुकरची शिट्टी तर बंदच. आजीने स्वतःच्या गोळ्या मात्र सुरू केल्या नाहीत. झोप आली तर सुई कशी धरणार? सून एकदा चाचरत म्हणाली, “आई, तुम्ही नका घेऊ त्याला. दोघं एकदम ताठ झालात तर?” रफूवालीला राग आला नाही. तिच्याही मनात तेच होतं.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मुलगा कामावर होता, सून न्हाणीघरात. बाळ गादीवर आणि आजी शेजारी जमिनीवर, भिंतीला पाठ टेकून. वरच्या मजल्यावर कुणीतरी लोखंडी कॉट पाडली.

दोघंही ताठ झाली.

बाळ हातभर अंतरावर होतं. त्याचे ओठ बदलताना तिला दिसत होते आणि हात उचलत नव्हता. जबडा आवळलेला, हाक मारायचीही सोय नाही. काही सेकंदच गेले असतील. आधी बोटं सुटली, मग कोपर. ती कुशीवर कोसळली, एक हात त्याच्या डोक्यामागे घातला, दुसरा पायांखाली, आणि त्याला दुमडलं. काहीच झालं नाही. तिने आणखी घट्ट दुमडलं. मग ते छोटं अंग मऊ पडलं आणि बाळ रडलं.

सून ओल्या केसांनी धावत आली. तिने बाळ काढून घेतलं नाही. शेजारी बसली आणि म्हणाली, “तुम्हीच धरा, आई.”

दुसऱ्या दिवसापासून आजीने अर्धी गोळी सुरू केली. पहिले पंधरा दिवस डुलक्या आल्या, निळ्या कोटाला तिने काळा धागा घातला. मग अंगवळणी पडलं. पडणं जवळजवळ थांबलं. बाळाचं ताठ होणंही कमी होत गेलं. ते चालायला उशिरा लागलं, पण लागलं. धास्ती मात्र गेली नाही. तो दोन वर्षांचा होईपर्यंत दुपारी ती डोळा मिटत नसे, त्याच्या छातीकडे बघत बसे.

पुढे एकदा डॉक्टरने तिला बोलावून घेतलं. तसंच एक बाळ आलं होतं आणि त्याची आई घाबरून, हात कापतात म्हणत त्याला धरायलाच तयार नव्हती. रफूवालीने टॉवेलची गुंडाळी केली, मांडीवर घेतली आणि दुमडून दाखवली. तिचे हात कापत होते. “माझेही कापतात,” ती त्या बाईला म्हणाली, “तरी जमतं.”