साडूंनी कोरलेली पिंपळपानं

माझ्या थोरल्या साडूंइतका सावकाश माणूस अख्ख्या धुळ्यात नव्हता, आणि लाकडावर एकदा बिट टेकलं की त्यांच्याइतका घाईचाही नव्हता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी शहराच्या देवपूर भागात कॉम्प्युटरवर चालणारं नक्षीकामाचं मशीन आणलं. त्याची बिटं, म्हणजे लाकूड कोरणारी धारदार टोकं, ते चष्म्याच्या डबीत ठेवत आणि चष्मा उघडाच खिशात, म्हणून काचांवर कायम ओरखडे. लग्नाच्या पंगतीतही डबी उघडून, पानाच्या शिरांना टोकदार बिट घ्यावं की गोल तोंडाचं, हे ते शेजारच्याला विचारत. शेजारी बहुधा जिलबीत गुंतलेला असे. गिऱ्हाईक आलं की नक्षी जवळून दिसणार की रस्त्यावरून, हे बघायला आधी त्याच्या घरी जाऊन येत. मशीन सुरू झालं की भुसा चिमटीत धरत. पीठ पडलं तर बिट नुसतं घासतंय, ढलप्या पडल्या तर कापतंय. एकदा लाकडाची कड काळी पडू लागली, तेव्हा मी बिट सरकण्याचा वेग कमी करायला सुचवलं. त्यांनी उलट वाढवला.

"पाहुणे, आपण भीत भीत गेलो की लाकूड जळतं," एवढंच म्हणाले.

एकदा जवळच्या खेड्यातले एक गुरुजी गावच्या बुद्धविहाराच्या दारासाठी सागाची फळी घेऊन आले. त्यांच्या आईनं बांधावर लावलेलं झाड. त्याची ही एकच धड फळी निघाली होती. तिच्यावर पिंपळपानं कोरायची होती. साडूंनी चार दिवस बिट निवडण्यातच घालवले. अकरा पानं सुरेख उतरली. बाराव्याखाली गाठ निघाली आणि पानाची कड उचकटली. साडूंनी मशीन बंद केलं, दोन दिवस धड जेवले नाहीत. मग स्वतःच्या घरासाठी जपलेली फळी घेऊन गुरुजींकडे गेले. गुरुजींनी ती घेतली नाही. आईच्याच झाडाचं दार हवं होतं, म्हणून उचकटलेल्या पानासकट तीच फळी दाराला बसवली.

विहार उघडला त्या दिवशी मी साडूंना ओढूनच नेलं. ते दारापासून लांब उभे राहिले. गुरुजींच्या आईला दिसत नव्हतं. ती सगळी पानं एकेक करून चाचपत गेली आणि फाटक्या कडेशी थांबली.

"बठ्ठा पानं गुळगुळीत शेतस," ती अहिराणीत म्हणाली. "हाई पान खरं शे."

परतताना साडू माझ्या स्कूटरवर मागे बसले आणि पांझरा नदीच्या पुलापर्यंत त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. तसा तो आधी कधी नव्हता, नंतरही कधी आला नाही.