हुबळीच्या घोड्याचे केस आणि गंगावळीचा लेप

आमचं दुकान हुबळीच्या दाजीबानपेठेत, सुताचं आणि रेशमाचं. दोऱ्यातलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा समज होता. दिवाळीनंतरच्या एका सकाळी डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेला एक म्हातारा दुकानात आला आणि मासे धरायला दोरा मागू लागला. मी सगळ्यात उंची रेशीम पुढे ठेवलं. त्यानं ते जिभेवर ओलं केलं, ताणलं आणि परत दिलं.

"लुगड्याला छान आहे हे, अण्णा. पाण्यात जरीसारखं चमकेल. लेप मासा वाळूत चपटा पडून सारखा वर बघत असतो. गळाजवळचा दीड हात त्याला दिसला की संपलं."

"मग लागतं तरी काय?"

"पांढऱ्या घोड्याच्या शेपटीचे केस. ते पाण्यात दिसत नाहीत. आमच्या गावात घोडा कुठला?"

म्हाताऱ्याचं नाव वेंकटप्पा. गाव अंकोल्याजवळचं गंगावळी, नदी जिथं समुद्राला मिळते तिथलं. मोतीबिंदू काढून घ्यायला तो हुबळीला आला होता आणि चार दिवसांत पट्टी सुटून घरी जाणार होता. त्याच्याबरोबर आपणही जावं, हे मी त्याच दिवशी ठरवलं. चाळिशी आली तरी मी समुद्र पाहिला नव्हता. दुकान धाकट्या भावावर सोपवलं आणि स्टेशनवरच्या टांग्यांच्या अड्ड्यावर गेलो. टांगेवाला आधी हसला, मग त्यानं पांढऱ्या घोड्याच्या शेपटीतले लांब केस उपटून दिले. घोडाच पाहिजे, घोडी नको, असं वेंकटप्पानं बजावलं होतं. घोडीचे केस मुतानं कुजके होतात म्हणे.

जाणाऱ्यांसाठी सांगतो: सर्व्हिस मोटार सकाळी लवकर सुटते, अंकोल्यापर्यंत सव्वादोन रुपये पडतात. ड्रायव्हरच्या मागची जागा धरा, मागं बसलात तर धुळीनं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसाल. कलघटगीपर्यंत ज्वारीची शेतं, मग झाडी दाटत जाते. यल्लापूरला खाणावळीत जेवलो. भात, सार, फणसाचा पापड, वर ताक. तिथं वेंकटप्पानं तांब्यातून पाणी ओतलं ते पेल्याच्या बाजूला, पानावर. त्यानं डॉक्टरांनी दिलेला नवा, जाड भिंगांचा चष्मा पुसला, पुन्हा ओतलं. पुन्हा बाजूलाच.

"दिसतं सगळं," तो हळू म्हणाला, "पण जिथं दिसतं तिथं नसतं."

दोन वर्षं त्यानं गळ बांधला नव्हता. भावांनी होडीवर नेणं बंद केलं होतं. आता दृष्टी आली म्हणून गावभर लोक वाट बघत असतील, आणि हातातून गाठ सुटली तर? एवढं बोलून तो जेवायला लागला.

आरबैलचा घाट उतरताना मी दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरून बसलो होतो. एका वळणावर झाडी फाटली आणि खाली धुक्यात दऱ्यांवर दऱ्या दिसल्या. एवढं जंगल घरापासून एका दिवसावर होतं आणि मी दाजीबानपेठेत बसून सूत मोजत होतो.

अंकोल्याहून पुढं बैलगाडी केली. वाळूच्या रस्त्यानं गंगावळीला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. माडांच्या मागं काहीतरी सारखं घोंघावत होतं. पुढं गेलो आणि पाहिलं. समुद्राबद्दल मी काही लिहीत नाही. मी पायातल्या वहाणा काढल्या, एवढंच सांगतो.

वेंकटप्पाची बायको देवक्का. तिनं नवऱ्याच्या चष्म्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "बर्री, अण्णा, आत या," म्हणाली आणि उकड्या तांदळाची पेज वाढली.

सकाळी ओसरीत वेंकटप्पा केस घेऊन बसला. बोटांत फिरवून त्यानं कमजोर ते बाजूला टाकले, सहा ठेवले. पाण्यात भिजवून पीळ घातला. तेवढं जमलं. मग गळ बांधायला घेतला. केसाचं टोक गळाच्या डोळ्यापाशी, वरच्या बारीक भोकापाशी, न्यायचा आणि चुकायचा. तिसऱ्या वेळी गळ अंगठ्यात रुतला. देवक्का दारात उभी होती. मदतीला मी हात पुढं केला, तिनं मानेनंच नको म्हटलं.

वेंकटप्पानं चष्मा काढून मांडीवर ठेवला. डोळे मिटले. जिभेच्या टोकानं गळाचा डोळा शोधला, केस ओवला, ओठांत धरून वेढे घेतले. एक, दोन, पाच. थुंकीनं ओलं करून ओढलं. गाठ बसली. कोरडी ओढली तर केस तुटतो, हे तो मला सांगत होता.

भरती सुरू होताना छोट्या होडीतून निघालो. होडी रेटायचा बांबू देवक्काच्या हातात. दोरी सुती, झाडाच्या सालीच्या काढ्यात मुरवून तांबडी केलेली. टोकाला शिसं, आणि शिशाच्या पुढं केसांचा दीड हात, म्हणजे गळावरची कोळंबी वाळूवर लोळत राहते. दोरी त्यानं माझ्या हातात दिली. "माझं बांधलेलं मला बरंच वाटणार. तुम्ही सांगा, कसं लागतंय."

बराच वेळ काही नाही. मग हिसका न बसता दोरी नुसती जड झाली, जणू तळाला कोणी ओलं गोणपाट अडकवलं.

"जड लागतंय."

"ओढू नका! तोंडात धरून पडू दे त्याला." त्यानं श्वास धरला होता. "आता."

मी ओढलं आणि खालची वाळूच उठून पळाली असं वाटलं. दोरी बोटाला कापत गेली, होडीखाली शिरली, बांबूला घासली. देवक्कानं बांबू झटकन वर उचलला. वेंकटप्पानं माझ्या हातावर हात ठेवला. त्यानं ओढलं नाही, दोरीतून येणारी धडपड तो नुसती ऐकत होता. "धरलंय," म्हणाला. "सहाही केसांनी धरलंय."

टोपलीत घेतला तो लेप तव्याएवढा सपाट, खालून पांढरा, वरून हुबेहूब ओल्या वाळूचा, दोन्ही डोळे एकाच अंगाला. होडीच्या काळ्या फळीवर ठेवला तर बघता बघता त्याच्या पाठीवर काळे डाग उमटत गेले. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

"जन्मताना ह्याचेही डोळे दोन बाजूंना असतात," देवक्का म्हणाली. "मग एक डोळा चालत पलीकडं जातो."

माझा विश्वास बसेना. परत किनाऱ्याला लागल्यावर तिनं कोळंबीच्या जाळ्यात शोधून नखाएवढं पिल्लू काढलं आणि तळहातावरच्या पाण्यात धरलं. काचेसारखं अंग, आणि एक डोळा डोक्याच्या अगदी माथ्यावर, अर्ध्या वाटेत. तिनं लगेच ते पाण्यात सोडलं.

वेंकटप्पाचा धाकटा भाऊ वाळूतून चालत आला. त्यानं मासा बघितला, मग गाठ हातात घेऊन ओढून पाहिली. "उद्या पहाटे होडी निघेल, ये," एवढंच बोलला. वेंकटप्पा खाली बसून मोठ्यानं हसायला लागला, चष्मा नाकावरून घसरून वाळूत पडला तरी हसतच होता.

तिसऱ्या दिवशी हुबळीला परत आलो. दोरीनं कापलेलं बोट आठ दिवस दुखत होतं. बायकोला सगळं सांगितलं, घाट, समुद्र, माथ्यावरचा डोळा. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अहो, पण मासा भरला किती? लांबी किती?"

मी आठवून पाहिलं.

"मोजला नाही."

"तुम्ही? मोजला नाही?"

"त्याचा भाऊ समोर उभा होता," मी म्हणालो, "आणि वेंकटप्पा हसत होता. मी त्याच्याकडंच बघत राहिलो."

तिनं माझं बोट हातात घेतलं आणि त्यावर हळद लावायला लागली.